‘काही झाले नाही’

दिवाळी जवळ आली की मला आमच्या मामांच्या पत्र्याच्या पेटीची आठवण होते.

आम्ही माहुलचे. माझ्या लहानपणी माहुल म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरे, पाठीशी ट्रॉम्बेची टेकडी आणि या सगळ्यांच्या मधोमध १९५५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या तेलशुद्धी कारखान्यांची धुराडी. मामा रेल्वेत कीमन होते. सुट्टीच्या दिवसांत त्यांचा जेवणाचा डबा पोचवण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. चेंबूर स्टेशनच्या पुढे रुळालगत गँगची एक टपरी होती. तिथे त्यांची हत्यारे असत, आणि एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत फटाके होते.

साधे फटाके नव्हेत. चपट्या, गोल, पत्र्याच्या डब्या आणि त्यांना दोन्हीकडून वाकवता येतील अशा पट्ट्या. रूळ तुटलेला दिसला, खाली पाणी शिरले, तर कीमनने लाल निशाण रोवून धावत सुटायचे आणि येणाऱ्या गाडीच्या दिशेने पुढे जाऊन हे फटाके रुळावर बांधायचे. नियम असा की १२०० मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने, तीन. चाक वरून गेले की मोठा बार होतो आणि इंजिनातला माणूस गाडी थांबवतो. आम्हांला त्या नियमाशी काय कर्तव्य! आमचा डोळा त्या आवाजावर. “मामा, दिवाळीला एक तरी वाजवा ना,” असा आमचा दरवर्षीचा हट्ट. मामा पेटीला कुलूप लावीत आणि म्हणत, “अरे, हे फटाके वाजले नाहीत ना, तीच माझी दिवाळी.”

तेव्हा ते मला निव्वळ टाळाटाळीचे उत्तर वाटे. आज बहात्तराव्या वर्षी वाटते की मामांनी त्या एका वाक्यात एक मोठा अवघड प्रश्न घालून ठेवला होता. तो सुटला असे मी म्हणत नाही. तो कसा अडला आणि मला कुठवर घेऊन गेला, तेवढे सांगतो.

त्या प्रश्नाची आठवण पुन्हा निघाली ती माझ्या नातीमुळे. माझा मुलगा जपानात नागोया शहरी नोकरीला आहे. नात तिथल्याच शाळेत जाते. जानेवारी २०२५ मध्ये तिने मला एक चित्र काढून पाठवले. हळदीसारखी पिवळीधमक आगगाडी, अंगावर निळा पट्टा, आणि फलाटावर हात हलवणारी माणसे. फोनवर तिने सांगितले, “आजोबा, ही डॉक्टर यलो. ती आता शेवटची धावली. ती दिसली की नशीब उघडतं म्हणतात.”

मग मी त्या गाडीची चौकशी केली. जपानात तोक्यो ते ओसाका हा पहिला अतिवेगवान लोहमार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला. लांबी ५१५ किलोमीटर. त्या मार्गावर पहिल्यापासूनच रुळांची प्रकृती तपासणारी पिवळी गाडी ठेवण्यात आली, म्हणून लोकांनी तिचे नाव ‘पिवळी डॉक्टर’ ठेवले. नातीने पाहिलेली गाडी २००१ साली कामावर रुजू झाली आणि २९ जानेवारी २०२५ रोजी निवृत्त झाली. डबे सात. वेग ताशी २७० किलोमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ प्रवासी गाडीइतकाच. साधारण दहा दिवसांतून एकदा ती तोक्योहून थेट हाकाता या दूरच्या शहरापर्यंत जाऊन येई. धावता धावता ती दोन रुळांमधले अंतर मोजी, दोन्ही रुळांची उंची सारखी आहे की नाही ते पाही, रूळ कुठे किंचित वाकला आहे, कुठे पिळला आहे ते टिपी, डोक्यावरच्या विजेच्या तारेची झीज पाही, सिग्नलांची तपासणी करी. डब्यांत प्रवासी नाहीत. असतात ती यंत्रे आणि त्यांच्यापुढे बसलेली माणसे. जे बिघडलेले सापडेल त्याची दुरुस्ती रात्री. तिथे मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत प्रवासी गाड्या धावत नाहीत, तेवढा वेळ रुळांच्या सेवेसाठी राखलेला असतो.

या व्यवस्थेचे फळ काय? १९६४ पासून आजवर त्या मार्गांवर गाडी घसरून किंवा दोन गाड्या आदळून एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. साठ वर्षे, अब्जावधी प्रवासी, आणि फळ हे की काही झाले नाही!

नातीने विचारले, “पण आजोबा, ती कुणालाच कुठे नेत नाही, मग तिचा उपयोग काय?”

मी म्हटले, “तुला नेणारी दुसरी गाडी नीट पोचावी म्हणून ती जाते.”

“आणि ती गेलीच नसती, तरी माझी गाडी नीट पोचली असती तर?”

पोरीचे वय नऊ वर्षे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण नेमका हाच प्रश्न मी स्वतः एकदा, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मामांना विचारला होता. आणि तो काही निरागसपणे विचारला नव्हता.

ती गोष्ट आजवर मी घरात कुणाला सांगितलेली नाही. दिवाळीच्या अंकात ती सांगणे शोभते की नाही, मला ठाऊक नाही. पण दिवाळीच्या आधी आपण माळे उपसतो, डबे खाली काढतो, वर्षभर नजरेआड केलेले कोपरे झाडतो, त्यातलेच हे एक समजा.

१९७८ साल. आमच्याच भागातल्या एका कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. टाक्या, नळ, झडपा, आग विझवण्याच्या पाण्याचे पंप अशी सगळी तिथली मांडणी. दर दोन तासांनी विजेरी घेऊन फेरी मारायची, प्रत्येक ठिकाणच्या मापकावरचा आकडा पाहायचा आणि नोंदवहीत लिहून खाली सही करायची, एवढे माझे काम. जुलैची रात्र. पाऊस असा की समोरची टाकी दिसेना. मी दोनची फेरी मारली नाही. चारचीही मारली नाही. खोलीत बसून बाराच्या आकड्यांत थोडा इकडेतिकडे फरक करून दोन ओळी लिहिल्या, सही केली. अगदी सारखे आकडे लिहिले तर संशय येईल, एवढी अक्कल मला होती. सकाळी पाळी बदलली. पुढच्या माणसाने वही घेतली. काही झाले नाही.

त्या दिवशी झाले नाही, त्या आठवड्यात झाले नाही, पुढे कधीच झाले नाही. पंप ठीक होते. मी जे आकडे लिहिले, ते कदाचित प्रत्यक्षातल्या आकड्यांच्या अगदी जवळ असतील. तरी काही दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी मामांकडे गेलो. ते ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. सगळे सांगितले आणि मग वकिलासारखा प्रश्न टाकला, “मामा, काही झालंच नाही, तर माझं चुकलं कुठं?”

मला वाटले, ते रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते, माणूस एकदाचा मोकळा होतो. ते म्हणाले, “ते आकडे कुठं आहेत?”

“वहीत.”

“खोडले नाहीस?”

“नाही.”

“मग चुकलं असं का म्हणतोस? अजून चुकतंच आहे.”

एवढे बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि मामीला चहा ठेवायला सांगितला.

या उत्तराचा अर्थ कळायला मला फार वर्षे लागली. आपण सर्वसाधारणपणे कृत्याचे माप परिणामावरून करतो. आंबा गोड निघाला म्हणजे झाड चांगले. हा न्याय बाजारात चालतो. न्यायासनापुढेही बऱ्याच अंशी चालतो. बेफाम मोटार चालवणाऱ्या दोघांपैकी एकाच्या वाटेत मूल आले आणि दुसऱ्याच्या आले नाही, तर पहिला तुरुंगात जातो, दुसरा घरी जाऊन जेवतो. दोघांनी केले तेच. फरक त्या मुलाच्या येण्याचा. एकाचे पाप मोठे आणि दुसऱ्याचे छोटे, असे आपण खरोखर म्हणू शकतो काय? आणि म्हणू शकत नसलो, तर ‘काही झाले नाही’ ही माझी सबब कुठे राहते?

तरी या युक्तिवादानेही माझे पुरते समाधान होत नसे. कारण मी मनात म्हणे, बेफाम गाडी हाकणाऱ्याने लोकांना धोक्यात तरी घातले. मी दोन ओळी लिहिल्या. धोका असलाच तर पंपात होता, माझ्या लेखणीत नव्हता. इथे मला त्या पिवळ्या गाडीने शिकवले.

रूळ तपासणाऱ्या गाडीच्या एका फेरीतून फारसे काही कळत नाही. अमुक ठिकाणी रूळ दोन मिलिमीटर खचला आहे. बरे, मग? दोन मिलिमीटरने गाडी पडत नाही. पण मागच्या फेरीत तो एकच मिलिमीटर होता आणि त्याच्या मागच्या फेरीत मुळीच नव्हता असे दिसले, म्हणजे दुखणे कळते. रूळ खचतो आहे, खालची खडी बसते आहे, पुढच्या महिन्यात चार होतील. ज्ञान कुठल्याच एका आकड्यात नसते. ते एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंतच्या वाटेत असते. आता त्या मालिकेत मधला एक आकडा कुणी कल्पनेने भरला असे समजा. तो आकडा स्वतः तर खोटा असतोच, शिवाय तो आपल्या आधीच्या आणि नंतरच्या खऱ्या आकड्यांनाही खोटे बोलायला लावतो. दोन प्रामाणिक माणसांच्या मधे उभा राहून तो दोघांची साक्ष बिघडवतो.

मामा जे म्हणाले ते हेच. फेरी न मारणे हा त्या रात्रीचा आळस होता. तो रात्रीबरोबर संपला. पण वहीतला आकडा दुसऱ्या दिवशीही तिथेच होता, महिन्यानेही होता, आणि जो कोणी ती वही विश्वासाने उघडील त्याला फसवण्यासाठी सही करून बसलेला होता. पुढे येणाऱ्या, नाव ठाऊक नसलेल्या माणसाशी मी खोटे बोललो होतो. आणि तो माणूस मला उलट प्रश्नही विचारू शकत नव्हता.

मग मी दुसऱ्या दिवशी जाऊन ते आकडे खोडले काय? नाही. नोकरी नवी होती, लग्न ठरत होते. उद्या करू, परवा करू, असे म्हणता म्हणता ती वही भरली आणि नवी आली. जुनी कुठल्याशा कपाटात गेली. मामांनी पुन्हा कधी विचारले नाही. त्यांनी विचारले नाही, हेच मला जन्मभर विचारल्यासारखे झाले.

मामांचे काम मी लहानपणी पाहिले होते, पण ते समजले नंतर. कुर्ला ते चेंबूर हा रूळ १९०६ साली घातला गेला तो मुंबईचा कचरा वाहून नेण्यासाठी. त्यावर प्रवासी गाड्या १९२४ साली सुरू झाल्या. मामांच्या काळी तो मानखुर्दला संपे, वाशीचा पूल १९९२ साली जोडला गेला. या रुळावर कीमनने रोज आपला ठरलेला टप्पा पायी चालायचा. पूर्वी रूळ स्लीपरांवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असत, त्या गाड्यांच्या धक्क्यांनी ढिल्या होत. त्या ठोकीत जाणारा तो कीमन. आता काँक्रीटचे स्लीपर आले, चाव्यांच्या जागी पोलादी क्लिपा आल्या, पण माणसाचे नाव तेच राहिले. मामा हातोडा टाकीत आणि आवाज ऐकत. “घट्ट चावी वेगळी बोलते, ढिली वेगळी,” ते म्हणत. पाच फूट सहा इंच रुंदीच्या त्या दोन रुळांच्या मधून ते पस्तीस वर्षे चालले. कधी कुठल्या मंत्र्याने त्यांच्या गळ्यात हार घातला नाही. कारण हार कशासाठी घालायचा? अपघात झाला असता आणि त्यांनी धावत जाऊन गाडी थांबवली असती, तर वर्तमानपत्रात फोटो आला असता. अपघात होऊच दिला नाही, त्याचा फोटो कसा काढणार?

आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. बाहेरून पाहिले तर मामांच्या पस्तीस वर्षांचा निष्कर्ष आणि माझ्या त्या रात्रीचा निष्कर्ष अगदी एकाच शब्दांत लिहिता येतो: काही झाले नाही. दक्ष माणसाचे ‘काही झाले नाही’ आणि नशीबवान आळशाचे ‘काही झाले नाही’ यांत जगाला फरक दिसत नाही. तो फरक ठाऊक असतो ज्याचा त्यालाच. सगळ्या जगात एकच साक्षीदार, आणि तोही आरोपीच!

कुणी म्हणेल, आजोबा, आता हा प्रश्नच उरला नाही. यंत्रांना झोप येत नाही, पाऊस लागत नाही, लग्न करायचे नसते. रूळ मोजणाऱ्या गाड्या आपल्याकडेही आहेत. लखनौला १९५७ साली स्थापन झालेली रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ हे काम पाहते. फ्रान्समध्ये २००६ पासून आयरिस नावाची गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावत रूळ तपासते. मुंबई ते अहमदाबाद हा आपला ५०८ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग बांधला जात आहे, त्याचा सात किलोमीटरचा बोगदा आमच्या ठाण्याच्या खाडीखालून जायचा आहे. त्यासाठी जपान दोन गाड्या भेट देणार असून इथली उष्णता आणि धूळ यांचा अभ्यास करण्यासाठी त्यांत तपासणीची उपकरणे बसवली जातील, अशी बातमी मी एप्रिल २०२५ मध्ये वाचली. खुद्द जपानात तर आता स्वतंत्र पिवळी गाडीही ठेवायची नाही. नव्या जातीच्या प्रवासी गाड्यांतच तपासणीची यंत्रे बसवायची असे ठरले आहे. रोगी आणि डॉक्टर एकाच अंगात!

मला यंत्रांचे कौतुक आहे. मामांचा कान कितीही तयार असला तरी रुळाच्या पोटातली केसाएवढी चीर त्यांना ऐकू आली नसती, ती ध्वनिलहरींच्या यंत्राला सापडते. पण यंत्र मोजते. मोजलेले ऐकायचे की नाही, हे ते ठरवीत नाही. रूळ खचला असा कागद टेबलावर आला, तो कुणी वाचला? वाचून गाडीचा वेग कमी करा असे सांगण्याची हिंमत कुणी केली? तिथे पुन्हा एक माणूस बसलेला आहे. त्याच्यापुढेही पाऊस पडतोच आहे, निराळ्या जातीचा.

याचे उदाहरण मला दूर शोधावे लागत नाही. आमच्या माहुलची हवा मोजलेली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या निकालात नोंदवले की माहुल, आंबापाडा, चेंबूर या भागांतील रहिवाशांच्या आरोग्याला हवेतल्या प्रदूषणाचा धोका आहे. त्यानंतर, २०१७ साली, तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या गेल्या आणि तिथल्या कुटुंबांना घरे दिली गेली ती याच माहुलात. त्या माणसांनी आंदोलने केली, न्यायालयात खेपा घातल्या. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले की या कुटुंबांना दुसरीकडे घरे द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडे द्या. म्हणजे तपासणीची गाडी धावली होती, तिने रूळ तुटल्याचे लिहून ठेवले होते, आणि तरीही त्याच रुळावर प्रवाशांनी भरलेली गाडी सोडली गेली. मोजणे हे अर्धेच काम आहे. मोजून न ऐकणारा माणूस आणि न मोजता लिहिणारा माणूस, यांत मोठा दोषी कोण, हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. दोघेही एकाच वहीच्या दोन बाजूंना बसलेले आहेत, एवढे मात्र मला दिसते.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. खोट्या सहीचा सगळा दोष सही करणाऱ्यावर टाकणे सोयीचे असते, पण ते नेहमीच खरे नसते. मामांचा टप्पा एका माणसाला एका दिवसात चालता येईल एवढा होता. ज्याने तो ठरवला, त्याने माणसाचे पाय लक्षात घेतले होते. पुढे माझ्या नोकरीत मी अशा वह्या पाहिल्या की त्या सगळ्या प्रामाणिकपणे भरायच्या तर दिवसाचे तीस तास हवेत. जी व्यवस्था माणसाकडून तो पाहू शकतो त्याहून अधिकावर सही मागते, ती त्याला खोटे बोलण्याची तालीम देते. आणि एकदा हात खोट्याला सरावला की जिथे वेळ असतो तिथेही तो तसाच चालतो. म्हणून ज्याला खरी तपासणी हवी, त्याने वहीत एक रकाना असा ठेवावा की जिथे ‘पाहिले नाही’ असे लिहिता येईल आणि लिहिणाऱ्याची नोकरी जाणार नाही.

या रकान्याचे मोल मला एका दिवशी कळले. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी त्या वेळी बावन्न वर्षांचा होतो, पाळीची जबाबदारी माझ्यावर होती. आवारात कमरेएवढे पाणी भरले. मागच्या बाजूच्या पंपाकडे जाणे शक्यच नव्हते. संध्याकाळी वही पुढे ओढली. बाकीचे आकडे लिहिले, आणि त्या पंपाच्या ओळीवर लेखणी थांबली. सत्तावीस वर्षांपूर्वीची ती रात्र समोर उभी राहिली. हाताला आकडा ठाऊक होता. मनाला सबबही तयार होती, या प्रलयात कोण बघणार आहे? मी लिहिले, “पाणी भरल्यामुळे पाहता आले नाही.” खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर साहेब आले. त्यांनी वही उघडली. मला वाटले, विचारतील, हा काय प्रकार? त्यांनी ती ओळ वाचली आणि दोन माणसांना म्हणाले, “आधी मागच्या पंपाकडे जा.” माणसे गेली. तासाभराने परत आली. पंप सुरक्षित होता. काही झाले नव्हते.

पुन्हा तेच शब्द! पण या खेपेला ते ऐकताना माझी मान खाली गेली नाही. त्या एका ओळीमुळे दोन माणसे नेमकी जिथे पाहायला हवे तिथे पाहायला गेली, एवढेच तिचे फळ. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो आकडे लिहिले असतील. त्यांतला एकही मला आठवत नाही. ज्या ओळीत आकडाच नव्हता, ती मात्र अक्षरन् अक्षर आठवते. ती घेऊन मामांकडे जावे असे फार वाटले. पण मामा तोवर राहिले नव्हते.

जपानात म्हणे त्या पिवळ्या गाडीचे वेळापत्रक जाहीर करीत नसत, म्हणून ती अवचित दिसली की लोक स्वतःला भाग्यवान समजत. तिच्या शेवटच्या फेरीला फलाटांवर गर्दी लोटली, आणि जून २०२५ मध्ये तिचा पुढचा डबा नागोयाच्या रेल्वे संग्रहालयात मांडला गेला. हे वाचून मला आनंदही झाला आणि थोडी लाजही वाटली. आपल्याकडे रविवारी मेगाब्लॉक असला की आपण काय म्हणतो ते आठवा. साखरपुड्याला निघालेली मंडळी, हातात मिठाईचे पुडे, फलाटावर पाऊण तास खोळंबलेली, आणि सगळ्यांच्या मुखी रेल्वेचा उद्धार! मीही केला आहे. रुळांवर भर उन्हात नारिंगी अंगरखे घालून घण घालणाऱ्या माणसांकडे आपण खिडकीतून पाहतो ते ‘आपली गाडी हळू का झाली’ एवढेच समजून घेण्यासाठी. आपल्या सुखरूप पोचण्याचे ते कर्ते आहेत, हे मनात येत नाही. कारण सुखरूप पोचणे ही आपल्याला घटनाच वाटत नाही.

नातीच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नव्हते. परवा तिचा फोन आला तेव्हा मी म्हटले, “ती गाडी गेली नसती आणि तरी तू नीट पोचली असतीस, असं होऊ शकतं. पुष्कळदा होतंही. पण मग तू पोचलीस ते नशिबानं. ती गाडी जाऊन आल्यावर तू पोचलीस, तर कुणीतरी तुला पोचवलं.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, तुमच्याकडे पण अशी डॉक्टर आहे?”

मी म्हटले, “होते एक. रंग पिवळा नव्हता. त्यांच्याकडे फटाक्यांची पेटी होती.”

“मग फटाके वाजवले का त्यांनी?”

“नाही,” मी म्हणालो, आणि तिला पेटीची गोष्ट सांगायला बसलो. गोष्ट संपली तेव्हा तिच्याकडे रात्र झाली होती. माझी त्या रात्रपाळीची गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. ती मोठी झाली आणि कधी हा अंक तिच्या हाती पडला, तर तिने ती इथे वाचावी. उशिरा का होईना, त्या दोन ओळींवर मी आज काट मारतो आहे: जुलै १९७८, रात्री दोन आणि पहाटे चार. पाहिले नाही.